जवळची खूण

पवईच्या तलावाकडे तोंड करून, अकराव्या मजल्यावर,
आम्ही सहा जण बसतो
पत्त्याच्या एका अर्जावर.
अख्खा अर्जही नाही खरं तर,
चौथी ओळ, आणि तिच्याखालचा पिनकोड.

पप्पा विचारतात, म्हणजे नेमकं करतेस काय?
ते वॉल्व्हच्या कारखान्यात होते.
वॉल्व्ह दाखवता यायचा, हातात धरून.
सोसायटीच्या टाकीवर अजून आहे त्यांचा एक.
मी फोन काढते, चौकट दाखवते.
चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणतात,
"छान. कडा गोल आहेत."

पण याच चौकटीने
त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले,
मुलुंडच्या इस्पितळात, खिशातून रुपया न काढता.
काउंटरवरच्या बाईने कंपनीचं नाव वाचलं
आणि "बसा ना" म्हणाली.
ज्या बँकेत जामीनदार मिळेना म्हणून
पप्पा तीन शनिवार बाकावर बसले,
तिथल्या साहेबाने मला चहा विचारला, साखर किती.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. मीठ कसलं,
सहा प्रकारचं दूध असतं इथे, ओटचं, बदामाचं,
आणि एक, नाव वाचूनही कळत नाही
की ते दिलं कोणी.

तर, मावशी राहते खिंडीपाड्याला, वरच्या अंगाला.
आमच्या खिडकीतून तिची टेकडी दिसते,
आमच्या अर्जात तिचं घर मावत नव्हतं.
इमारत नाही, रस्ता नाही, रकाना लाल व्हायचा.
पार्सलवाला फोन करायचा, ती दारातून ओरडायची,
"टाकीवरून वर ये, मग डावीकडे, हां,
कुत्रं काही करत नाही."

मी म्हटलं, एक रकाना वाढवू. जवळची खूण.
ग्लेन्डा तुस्कानो म्हणाली, दुपारपर्यंत करते.
केलाही तिने. पावणेदोनला.

मग चौदा महिने गेले.
रात्री साडेदहाच्या बैठका, कारण तिकडे तेव्हा सकाळ.
कायद्याची माणसं, रंगांची माणसं,
'खूण'चं कोणी 'खून' वाचेल का,
अशी शंका काढणारा एक जण.
रकाना का हवा यावर मी बेचाळीस पानं लिहिली
आणि वाचणाऱ्याचीच बदली झाली.
खारीचा वाटा म्हणतात ना?
खारीला निदान ठाऊक होतं सेतू कुठे चाललाय.

आणि तरीही ऐका.
मंगळवारी रकाना सुरू झाला,
शुक्रवारपर्यंत नव्वद लाख लोकांनी तो भरला.
आम्ही पडद्यावर पाहत बसलो, नावांशिवाय, नुसत्या खुणा:
पिठाच्या गिरणीसमोर.
बंद पडलेल्या एसटीडी बूथशेजारी.
दर्ग्याच्या मागल्या दाराला.
पूर्वी वड होता तिथे.
माझा घसा दाटला. कुठल्या छोट्या कंपनीत
एका बाईच्या हट्टाला एवढं गाव मिळालं असतं?

पुढच्या बुधवारी ग्लेन्डा यादीत होती.
सव्वासातला तिने स्वतःच्या फोनवरून विचारलं,
"नेट गेलंय का गं?"
मी पाहिलं. तिच्या फोटोच्या जागी राखाडी गोल.
साडेनऊला मेल आली, कठीण निर्णयाची.
मी ती वाचली. घराचा हप्ता आठवला.
बैठकीत कोणी काही बोललं नाही.
मीही.

तिचा कप, स्टोल, ड्रॉवरमधली चिंचेची पुडी
खोक्यात भरून वसईला पाठवायला
मी आमचाच अर्ज उघडला.
रकान्यात फिकट अक्षरांत एक उदाहरण असतं,
काय लिहायचं ते कळावं म्हणून.
ते तिनेच घातलं होतं, त्या पावणेदोनला,
चौदा महिन्यांत तेवढं एक बदलायचं सगळे विसरले:
'उदा. विहिरीमागचं निळं घर.'

तिचंच घर ते.
नव्वद लाख फोनांत आहे.
पहिलं अक्षर दाबलं की पुसलं जातं.
तसंच बनवलं होतं आम्ही.

मी बोट वर धरून बसले थोडा वेळ.
मग पिनकोड आधी भरला.